लाल पाणी वर सरकलं

त्या आठवड्यात झुवैनाला कुणी "कशी आहेस?" विचारलं, तर ती आधी समुद्राकडे बघायची आणि मग "बरी आहे" म्हणायची. समुद्र बरा असेल तर ती बरी. गावाबाहेर किनाऱ्याला लागून खारं पाणी गोडं करायचा प्लांट आहे, तिथली दिवसपाळी तिच्याकडे होती. समुद्राचं पाणी ओढायचं, गाळायचं, मीठ मागे ठेवायचं आणि गोडं पाणी टेकडीच्या पायथ्याच्या मोठ्या टाकीत भरायचं. त्या टाकीवर अख्खं गाव जगतं. आमच्या विहिरी केव्हाच खारावल्या, आणि पावसाचं तर नावच काढू नका, तो येतो कधी आणि जातो कधी ते ढगांनाही कळत नाही.

आणि नेमकं त्याच आठवड्यात समुद्रात लाल पाणी आलं होतं.

लाल पाणी म्हणजे बारीक शेवाळ. एकेकटं डोळ्यांना दिसणार नाही, पण माजलं की समुद्र विटकरी होतो, मासे मरून वर येतात आणि असा वास सुटतो की जेवण जात नाही. हे पाणी प्लांटच्या तोंडात शिरलं तर फिल्टर चोंदतात, आतल्या महागड्या जाळ्या कायमच्या निकामी होतात आणि मग महिनोन्‌महिने प्लांट बंद. म्हणून लाल पाणी जवळ आलं की प्लांटचं तोंड मिटायचं आणि टाकीत असेल तेवढ्यावर दिवस काढायचे. टाकी भरलेली असली तर निभतं. अर्धी असली तर लोक बादल्या घेऊन एकमेकांच्या अंगावर जातात, आम्ही ते पाहिलं आहे.

झुवैनाच्या काळजीला मात्र आणखी एक कारण होतं, तिचा बाप. मरहून म्हणजे एके काळचा नावाजलेला कोळी, आता दोन्ही किडन्या गेलेल्या. टेकडीवरच्या दवाखान्यात डायलिसिस करून घ्यायचा आणि पुढच्या खेपेपर्यंत जगायचा. डायलिसिसला पाणी लागतं, पिंपंच्या पिंपं, आणि तेही गोडं; विहिरीचं मचूळ पाणी त्या यंत्राला चालत नाही. दवाखाना वर, टाकी खाली. टाकीतलं पाणी लाल खुणेच्या खाली उतरलं की ते टेकडी चढत नाही, मग कुणी कितीही आरडाओरडा करा. शहरातला मोठा दवाखाना दिवसभराच्या वाटेवर होता. मागे एकदा तिकडे नेताना गाडीतच म्हाताऱ्याचा श्वास कोंडला होता आणि डॉक्टरांनी निक्षून सांगितलं होतं, पुन्हा एवढा प्रवास नको. यंत्र बिघडल्यामुळे त्याची मागची खेप चुकली होती. पाय सुजून मडक्यासारखे झाले होते, रात्री आडवं होता येत नव्हतं. आज संध्याकाळची खेप चुकून चालणार नव्हती. हे घरात कुणी बोलत नव्हतं, पण सगळ्यांना ठाऊक होतं.

आमच्या उत्तरेला सरहद्द आहे. पलीकडे दुसरा देश, दुसरं गाव आणि त्यांचाही असाच एक प्लांट. समुद्र एकच, पण दोन्ही गावं पिढ्यान्‌पिढ्या एकमेकांना पाण्यात पाहणारी. मासे धरायच्या जाळ्यांवरून भांडणं, सोयरिकींवरून भांडणं, आणि तरी सोयरिकी होतच राहिल्या. मागच्या लाल पाण्यात दोन्हीकडचे घसे कोरडे पडले तेव्हा कुठं शहाणपण सुचलं. साहेबलोकांनी बैठका घेतल्या, खजूर खाल्ले, कहवा प्यायला, फोटो काढले आणि दोन्ही टाक्यांना जोडणारी पाइपलाइन टाकली. एवढं एक काम त्यांनी खरंच चांगलं केलं. करारही साधा होता. ज्याचा प्लांट बंद, त्याला दुसऱ्याने पाणी सोडायचं. किती, ते पाळीवरच्या माणसाने ठरवायचं. आणि शेवटी एक कलम: देणाऱ्याच्याच गळ्याशी आलं, तर त्याने दिलेलं पाणी परत ओढून घ्यावं, त्याला कुणाची परवानगी लागणार नाही. ते बटण झुवैनाच्या टेबलावर होतं, वर प्लास्टिकचं झाकण. त्याला अजून कुणी हात लावला नव्हता.

तिकडच्या दिवसपाळीवर उबैद होता. झुवैनाने त्याला पाहिलं एकदाच, पाइपलाइनच्या उद्घाटनाला, पण फोनवर रोज बोलणं व्हायचं. सज्जन माणूस, फक्त बोलायला महाग. शब्द तोलून द्यायचा, आणि घाईत असला की तेही अर्धे गिळायचा.

सकाळी त्याचा फोन आला तेव्हा झुवैना नुकतीच येऊन टेकली होती. दोन दिवस हवेत धूळ होती, आकाशातून काढलेली समुद्राची चित्रं नुसती राखाडी येत होती, त्यामुळे लाल पाणी नेमकं कुठं आहे हे दोन्हीकडे कुणालाच धड माहीत नव्हतं. शेवटचं दिसलं होतं ते खोल समुद्रात, सरहद्दीच्या समोर. उबैदने सावधगिरी म्हणून आदल्या दिवशीच आपला प्लांट बंद केला होता. झुवैनाने चालू ठेवला होता, पण जीव मुठीत धरून.

"सलाम ताई. लाल पाणी वर सरकलं," उबैद म्हणाला.

"वर? नक्की?"

"वल्ला, माझ्या डोळ्यांनी बघून आलो. चांगलं वर सरकलंय. आता तुमचं तुम्ही बघा. आणि जमलं तर थोडं पाणी सोडा. टाकी तळाला गेली आमची."

"अल्हम्दुलिल्ला!" झुवैना एवढ्या जोरात म्हणाली की बाहेर पंपापर्यंत ऐकू गेलं.

आता झुवैना कोळ्याची पोर. बोटीत रांगायला शिकलेली. समुद्रावरच्या माणसाला वर म्हणजे काय हे विचारावं लागत नाही. वारा जिकडून येतो ते वर आणि जिकडे जातो ते खाली. हिवाळ्यात आमच्याकडे वारा उत्तरेचा. म्हणजे वर सरकलं याचा अर्थ उत्तरेला गेलं, उबैदच्याही गावापलीकडे गेलं, टळलं! लाल पाणी गेलं, प्लांट चालू राहणार, टाकी भरत राहणार, बाबाची संध्याकाळची खेप होणार. तिला जे ऐकायचं होतं तेच तिला ऐकू आलं. इथंच सगळा घोळ झाला, पण तो कळायला दुपार व्हायची होती.

"किती सोडू, भाऊ?"

"जेवढं जमेल तेवढं."

झुवैनाने जवळजवळ अर्धी टाकी सोडली. आनंदात माणसाचा हात सैल सुटतो, तसंच झालं.

पंपावर सुलैयम होता. जुना माणूस, झुवैनापेक्षा वयाने बराच मोठा, आणि तोंडाला कुलूप नाही. तो काटा खाली येताना बघत उभा राहिला.

"बाई, काय लग्नाचा आहेर करताय का? अर्धी टाकी?"

"सुलैयमकाका, लाल पाणी उत्तरेला गेलं. आपला प्लांट चालू आहे, संध्याकाळच्या आत भरून निघेल."

"माझं काय जातंय? पण त्या लोकांनी माझ्या चुलत्याचं जाळं अजून परत केलेलं नाही, एवढं लक्षात ठेवा."

"ते जाळं तुमचा चुलता स्वतःच विकून आला होता, सगळ्या गावाला माहीत आहे."

"ते वेगळं," सुलैयम म्हणाला आणि कहवा आणायला गेला.

सकाळ बरी गेली. किती दिवसांनी झुवैनाला भूक लागली. तिने माहेरी, आईबापांकडे फोन केला, बाबाला सांगितलं, संध्याकाळी मी स्वतः न्यायला येते. मरहून म्हणाला, "येताना सुरमई बघ मिळाली तर." डॉक्टरांनी मासे मोजून खायला सांगितले होते, पण आज तिने त्यावरून भांडण काढलं नाही.

दुपारच्या नमाजानंतर सुलैयम धावत आला. पळणं हा त्याचा धर्म नव्हे. त्याने हातात शेपटीला धरून एक तारली आणली होती.

"वास घ्या."

"काका, जेवले मी आत्ताच."

"वास घ्या म्हणतो ना! खाली तोंडापाशी ढीग लागलाय."

तेवढ्यात पॅनेलवर फिल्टरचा दाब चढायला लागला. आधी हळूहळू, मग भराभर. झुवैना उठली, दाराबाहेर पळाली, धक्क्याच्या टोकापर्यंत गेली. समुद्र विटकरी झाला होता. थेट किनाऱ्याला चिकटून एक जाड पट्टा उत्तरेकडून सरकत आला होता आणि त्याचं टोक प्लांटच्या तोंडाशी पोचलं होतं. तिच्या तोंडचं पाणीच पळालं. ती तशीच मागे पळत आली.

"बंद करा! तोंड बंद करा, काका, आत्ता!"

सुलैयमने खटके पाडले. पंप धापा टाकत थांबले. तिने टाकीचा काटा पाहिला. लाल खुणेच्या खाली. चांगलाच खाली. सकाळी सोडलेलं पाणी अजून निम्मंही भरून निघालं नव्हतं.

जाळ्या वाचल्या होत्या, प्लांट वाचला होता. चार दिवसांनी, आठ दिवसांनी लाल पाणी गेलं असतं आणि सगळं पुन्हा सुरू झालं असतं. पण बाबाजवळ चार दिवस नव्हते.

तिने शहराला फोन लावला. गावात एकही टँकर नव्हता; शहरातून मिळतील ते उद्या दुपारपर्यंत. दवाखान्याला फोन लावला. नर्स अझ्झा म्हणाली, "नळाला फुसफुस वारा येतोय नुसता. इथली लहान टाकी दुपारच्या लोकांवरच संपली. संध्याकाळचे सहा जण आहेत, झुवैना. तुझे बाबा धरून सहा."

मग झुवैनाने उबैदला फोन लावला. तिचा आवाज चढलेलाच होता.

"भाऊ, तुम्ही म्हणालात ते वर सरकलं!"

"हो, सरकलंच की. किनाऱ्याला लागलंय. म्हणून तर म्हटलं तुमचं तुम्ही बघा. बंद केला ना प्लांट?"

"किनाऱ्याला? वर म्हणजे किनाऱ्याला?"

"मग? वर म्हणजे वर. डोंगराकडे."

झुवैनाने डोळे मिटले. उबैद डोंगरातला होता. तो फलजच्या काठी वाढला, फलज म्हणजे डोंगरातून गावात पाणी आणणारा पाट. त्या माणसांचं सगळं जग पाटाच्या उताराने चालतं. पाणी जिकडून येतं तो डोंगर वर आणि जिकडे जातं तो समुद्र खाली. लाल पाणी खोल समुद्रात होतं तेव्हा त्याच्या लेखी ते खाली होतं, किनाऱ्याला आलं की ते वर सरकलं. बैठकांमध्ये सगळे छान उत्तर-दक्षिण बोलत होते, कागदावरही तेच होतं. पण घाईच्या वेळी माणूस आईच्या भाषेत बोलतो, आणि दोघांच्या आया वेगवेगळ्या उतारावरच्या.

"वर म्हणजे वाऱ्याकडे, भाऊ," ती कशीबशी म्हणाली. "आमच्यात वर म्हणजे वारा येतो तिकडे. उत्तरेला. मला वाटलं, टळलं."

"या अल्ला," उबैद म्हणाला. "मग ते पाणी..."

"ते पाणी मी टळलं समजून सोडलं. मला ते परत पाहिजे."

"किती?"

"सगळं."

"ताई, ते दवाखान्याच्या टाकीला जोडलंय आम्ही. अकरा जण डायलिसिसला आहेत. काही आत्ता यंत्रावर आहेत, काही रांगेत. कालपासून खोळंबलेले. गावाला एक थेंब दिला नाही, वल्ला, सगळं तिकडेच. आमचा मशिदीत बांग देणारा आहे त्यात. बेसूर आहे, पण आमचा आहे. तुम्ही अर्धी टाकी सोडलीत तेव्हा मी सगळ्यांना सांगितलं, पलीकडच्या ताईचं काळीज बघा. स्वतःच्या दाराशी लाल पाणी आलेलं असताना दिलं. बायका तुमचं नाव विचारत होत्या, दुआ मागायला."

झुवैनाला वाटलं, फोन खाली ठेवावा आणि कुठंतरी जाऊन बसावं. जे तिने केलंच नव्हतं, त्याबद्दल तिकडे दुआला हात वर झाले होते.

सुलैयम मागेच उभा होता. त्याला राहवलं नाही.

"अरे, दुआ काय करायच्यात? तिचा बाप आहे बाप! संध्याकाळी त्याला यंत्रावर घ्यायचंय!" तो फोनच्या दिशेने ओरडला.

"काका, गप्प बसा."

"का गप्प बसू? कलम आहे! बटण आहे! आपलं पाणी आहे!"

उबैदने सगळं ऐकलं होतं. त्याचा आवाज एकदम लहान झाला.

"मला का नाही सांगितलंत, ताई?"

"सांगून काय झालं असतं?"

"काही नाही. पण सांगायचं." मग तो म्हणाला, "बटण तुमच्याकडे आहे. मी अडवू शकत नाही, आणि अडवणारही नाही. ओढायचं असेल तर ओढा. फक्त आधी सांगा, म्हणजे यंत्रावरच्या माणसांना सुटं करता येईल. मध्येच पाणी तुटलं तर वाईट."

त्याने फोन चालूच ठेवला.

झुवैनाने झाकण उघडलं. बटण हिरवं होतं, अगदी साधं, पंख्याच्या बटणाएवढं. तिला बाबाचे पाय दिसत होते. बाबा रात्री खिडकीशी उशा रचून बसलेला, हवेसाठी तोंड उघडं, आणि वर तिलाच म्हणणारा, "जा, झोप तू, तुझी पाळी आहे सकाळी." त्या अकरांपैकी तिला कुणाचंही तोंड माहीत नव्हतं. हे काही लपवण्यासारखं नाही. माणसाला आपला माणूस आधी दिसतो, आणि जो म्हणतो दिसत नाही तो खोटं बोलतो.

"दाबा," सुलैयम म्हणाला. मग जरा मऊपणाने म्हणाला, "पोरी, कुणी नाव ठेवणार नाही. कायद्यात आहे."

तेच तर तिला खुपत होतं. कुणी नाव ठेवलं नसतं. सकाळी तिला उबैदचं बोलणं नीट कळलं असतं, तर तिने एक थेंबही सोडला नसता. तोंड मिटून भरल्या टाकीवर बसली असती, उबैदला "माफ करा भाऊ, आमच्याच गळ्याशी आलंय" म्हणाली असती, आणि संध्याकाळी बाबाला न्यायला गेली असती. तेही कायद्यातच बसलं असतं. आणि पलीकडच्या यंत्रांना दुपारीच नुसता वारा आला असता. तिचं शहाणपण त्या लोकांना बुडवणार होतं, त्यांना तारलं ते तिच्या गाढवपणाने. या विचाराने तिला एवढा राग आला, स्वतःचा, उबैदचा, त्या बांग देणाऱ्याचाही, की तिने टेबलावर मूठ आपटली.

"भाऊ!"

"आहे, ताई."

"तुमच्या सगळ्यांना जेमतेम पुरेल असं किती लागेल? पोटभर नाही. जेमतेम."

"म्हणजे?"

"म्हणजे प्रत्येकाला चार तास नाही. दोन तास. जीव राहील एवढं. डॉक्टरांना विचारा."

उबैदने तिकडे कुणालातरी हाक मारली. धावपळीचे आवाज आले, एक बाई चिडून काहीतरी बोलली, दुसऱ्या कुणीतरी तिला गप्प केलं. झुवैना थांबली. बोट बटणाजवळच होतं, ते तिने मागे घेतलं नव्हतं.

"डॉक्टर म्हणतात दोन तासांवर आजचा दिवस निघेल," उबैद परत आला. "चांगलं नाही, पण निघेल. दोन तास धरले तर निम्मं पाणी उरतं."

"ते निम्मं मी ओढते. आमच्यातही सहा जण आहेत. त्यांनाही दोनच तास."

"घ्या, ताई."

"आणि ऐका. त्या बायकांना सांगा, दुआ वगैरे नको. मी समजून दिलं नव्हतं."

"हे मी सांगणार नाही," उबैद म्हणाला. "आत्ता जे करताय ते समजून करताय ना? तेवढं सांगतो."

तिने बटण दाबून धरलं. पंप कुंथला, उलटा फिरायला लागला. काटा कितीतरी वेळ जागचा हललाच नाही, आणि सुलैयम त्याच्यापुढे उभा राहून त्याला शिव्या देत होता, अशा शिव्या की लिहिता यायच्या नाहीत. मग काटा चढायला लागला. लाल खुणेला टेकला, जेमतेम वर गेला. ठरलेलं पाणी येताच झुवैनाने हात काढून घेतला आणि झाकण लावलं. सुलैयमने तिच्याकडे पाहिलं, आणखी थोडं, असं तो डोळ्यांनीच म्हणाला. तिने मान हलवली. मग गावाकडच्या सगळ्या लाइनी बंद करायला त्याला पाठवलं, फक्त टेकडीची चालू ठेवून. तासाभरात गावातून फोन सुरू झाले. पहिला तिच्या सासूचा होता.

संध्याकाळी ती बाबाला घेऊन टेकडीवर गेली. सुरमई आणली नाही हे तिने गाडीत सांगितलं नाही. मरहूनला पायऱ्या चढवत नव्हत्या, अझ्झाने खुर्ची आणली. आत पाच जण आधीच पलंगांवर होते. अझ्झा म्हणाली, "बाबा, आज सगळ्यांना दोन तास."

"का? मागची खेप चुकलीय माझी. मला तर पाच पाहिजेत."

"पाणी कमी आहे."

मरहून वळून लेकीकडे बघायला लागला. आयुष्यभर समुद्रावर काढलेला माणूस, वास त्यालाही आला होताच.

"तुझा प्लांट सकाळी चालू होता. टाकी भरलेली होती."

"हो."

"मग?"

खोटं बोलायला जागा होती. लाल पाण्यावर सगळं ढकलता आलं असतं. झुवैना खुर्चीपाशी खाली बसली आणि तिने सगळं सांगितलं, वर आणि खालीसकट, अकरा जणांसकट, बटणासकट. पलंगांवरचे पाचही जण ऐकत होते. त्यांच्याही वाट्याचं होतं ते, त्यांनाही ऐकायचा हक्क होता.

"म्हणजे सगळं ओढता आलं असतं," मरहून म्हणाला.

"आलं असतं."

"आणि तू निम्मं ठेवलंस. त्यांना."

"हो, बाबा."

"मी तुझा बाप आहे."

"माहीत आहे मला."

"माहीत आहे!" त्याचा आवाज फाटला. श्वास पुरत नव्हता तरी तो ओरडला. "मला रात्री श्वास येत नाही, झुवैना! मला भीती वाटते! तुला कळतं का, भीती वाटते मला रात्री!"

हे तो आजवर कधी बोलला नव्हता. वादळात बोट उलटली होती तेव्हाही नाही. झुवैना त्याच्या सुजलेल्या पायावर हात ठेवून बसून राहिली. बोटं काढली तिथं खळगा राहिला, तो भरून यायला वेळ लागला. ती रडत होती, आणि ते पुसायचंही तिला सुचलं नाही. पलीकडच्या पलंगावरचा माणूस भिंतीकडे तोंड करून पडला होता. कुणी तिची बाजू घेतली नाही, आणि कुणी तिला दोषही दिला नाही.

मरहून बराच वेळ धापा टाकत बसला. मग त्याने सदऱ्याची बाही वर सारली आणि हात अझ्झापुढे धरला.

"लाव. उशीर करू नको, त्या दोन तासांतलेही जातील."

अझ्झाने सुई लावली. यंत्र सुरू झालं, नळीतून रक्त निघालं आणि धुऊन परत यायला लागलं. मरहूनने लेकीकडे पाहिलं नाही. डोळे छताकडे ठेवून तो म्हणाला, "घरी आईला सांग, पुरे चार तास झाले म्हणून. ती झोपायची नाही नाहीतर."